बावीस पानांचं स्पेन
संत्रं सोललं ना, की मला अजून पिस्कॅटवेचं ते अपार्टमेंट आठवतं! २००५ची थंडी, बाहेर बर्फ, हीटरची खरखर, आणि मी अन् माझा बॉयफ्रेंड संत्री खात स्प्रिंग ब्रेकचा प्लॅन करतोय. आधी सेव्हिल, एक दिवस कॉर्डोबा, मग ग्रॅनाडाचा तो महाल! लॅबमधून बावीस पानं प्रिंट केली होती मी! त्याच डिसेंबरच्या शेवटी तो पुण्याला गेला आणि लग्न ठरवूनच परत आला. मेमध्ये त्याचा फोन, "यार, तो स्पेनचा प्लॅन पाठवशील? हनिमूनला जातोय." मी म्हटलं, "हो, पाठवते की." पाठवला. शिवाय खाली लिहिलं, ग्रॅनाडाला संध्याकाळी गारठा असतो, तिच्यासाठी स्वेटर घे. मी स्पेन अजून बघितलेलं नाही.