वाळक्या काटकीतली मुंगी

माझी मुलगी सात वर्षांची असताना तिला समसुम चावली. सौदीतल्या खमीस मुशैत शहरात हा शब्द सगळ्यांना माहीत असतो; आम्हाला येऊन चारच महिने झाले होते, आम्हाला नव्हता. समसुम म्हणजे एक काळपट मुंगी. जिथे नळ गळतो तिथे, फरशीच्या भेगांत, ओल्या मातीत राहते. मी नाशिकला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलेली बाई. मुंगी चावली म्हणून रडणाऱ्या मुलीला मी म्हणाले, "थांब, हळद लावते."

हळद घेऊन आले तोवर तिचे ओठ सुजले होते. ती गळ्याला हात लावून म्हणाली, "मम्मा, घसा टाइट होतोय."

नवरा कामावर, मला गाडी येत नव्हती. मी तिला उचलून समोरचं दार बडवलं. तिथे रत्नागिरीच्या भाभी राहतात. त्यांनी मुलीची मान पाहिली आणि म्हणाल्या, "अगो, ही समसुम! उभी काय राहिलीस, चल." चपला न घालता त्या खाली धावल्या आणि गाडी काढली. वाटेत मुलगी बोलायची थांबली. मी तिला हाका मारत होते आणि ती माझ्याकडे नुसती बघत होती. इस्पितळात मांडीत इंजेक्शन दिल्यावर काही मिनिटांत ती रडायला लागली. 

डॉक्टरांनी आम्हाला एक पेन दिलं, म्हणजे ॲड्रेनालिनचं तयार इंजेक्शन. ते सतत जवळ ठेवायचं आणि वेळ आली तर कपड्यांवरूनच मांडीत दाबायचं. "हिला ॲलर्जी आहे, पुढचा डंख यापेक्षा वाईट असू शकतो," ते म्हणाले. त्यानंतर मी गाडी शिकले. आमच्याकडचे सगळे नळ दुरुस्त करून घेतले. रोज चादरी झटकायचे, बुटांत हात घालून पाहायचे. मुलीला अंगणात जायची बंदी केली. ती खिडकीतून इतर मुलांचे खेळ बघायची आणि मला त्याचं काही वाटत नसे, इतकी मी घाबरलेली होते.

वर्षभराने एका शुक्रवारी आम्ही शहराबाहेरच्या वाडीत, म्हणजे कोरड्या ओढ्याच्या पात्रात, जेवण घेऊन गेलो. शाळेत पक्ष्याचं घरटं करून न्यायचं होतं म्हणून मुलीने बाभळीच्या वाळक्या काटक्या पिशवीभर गोळा केल्या. मी प्रत्येक काटकी झटकून पाहिली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती जेवणाच्या टेबलावर काटक्या मोडत बसली आणि मी कणीक मळत होते.

"मम्मा, देअर इज अ होल इन धिस वन," ती म्हणाली. 

मी वळले. मोडलेल्या काटकीतून काळ्या, बारीक, लांबट मुंग्या बाहेर पडत होत्या. टेबलावर सात-आठ, आणि एक तिच्या बाहीवर. ती मुंगी कोपराकडून मनगटाकडे, उघड्या त्वचेकडे चालली होती.

"हलू नकोस," मी म्हणाले. पेन कपाटावर होतं, मुलगी टेबलाशी. आधी कुठे जावं तेच कळेना. मी कणकेच्या हातांनीच ती मुंगी चिमटीत धरली. तिने मला अंगठ्याजवळ डंख मारला. मी मुलीला ओढून बेडरूममध्ये नेलं, तिचे सगळे कपडे काढून झटकले, केस विंचरले, दार लावलं आणि दाराखाली टॉवेल खुपसला. आतून ती ओरडत होती, "यू आर स्केअरिंग मी!"

अंगठा जळत होता. मी घड्याळाकडे बघत बसले. अर्ध्या तासाने नुसती लाल गांधी उरली. पण मला काही झालं नाही याने काहीच कळत नव्हतं. मला समसुमनेही काही झालं नसतं.

टेबलावरच्या मुंग्या मी एका बाटलीत सॅनिटायझर ओतून त्यात टाकल्या. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, शाळा सुटल्यावर प्रयोगशाळेत बसले; मी मुलीच्याच शाळेत जीवशास्त्र शिकवते. भिंगाखाली मुंगी सरळ केली. समसुमच्या कमरेला एकच गाठ असते, उभी, जाडसर. हिच्या कमरेला दोन गाठी होत्या, एकामागे एक. डोकं रुंदीपेक्षा लांब, डोळे मोठे आणि लंबगोल, अंग गुळगुळीत, पायांची टोकं पिवळट. मी हे सगळं वहीत लिहिलं, आलेखाच्या कागदावर ठेवून लांबी मोजली. समसुम नव्हती. दोन मिनिटं बरं वाटलं. मग पोटाच्या टोकाला माझ्या अंगठ्यात घुसली तशीच बारीक सुई दिसली.

शेजारच्या शहरातल्या विद्यापीठात कीटकांचा अभ्यास करणारे एक वयस्कर सौदी प्राध्यापक आहेत असं कळलं. मी त्यांना फोटो पाठवले आणि मग बाटली घेऊन गेले. त्यांनी बराच वेळ सूक्ष्मदर्शकातून पाहिलं.

"काटकीत राहणारी आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "किड्याने पोखरलेली वाळकी काटकी हिचं घर. हिचे नातलग समुद्रापलीकडे, आफ्रिकेत आहेत. पण नेमकी जात सांगायला मला राणी हवी, आणि आणखी कामकरी मुंग्या."

"हिच्या डंखाने कुणाचा घसा बंद झालाय का?"

"माझ्या ऐकण्यात नाही." मग चष्मा काढून म्हणाले, "पण मी ऐकलेलं नाही, एवढाच त्याचा अर्थ."

राणी आणायला मीच जाणार म्हटल्यावर नवरा चिडला. "आपल्याला काय करायचंय? त्या झाडाकडे फिरकायचंच नाही, खलास!"

"अशी झाडं शाळेच्या कुंपणाला आहेत," मी म्हणाले. "तू तिला कुठवर कोंडून ठेवणार आहेस?" हे बोलताना मला जाणवलं की कोंडून तर मीच ठेवलं होतं.

पुढच्या शुक्रवारी सकाळी आम्ही तिघं गेलो. मुलीला घरी ठेवायला कुणी नव्हतं, भाभी जेद्दाला गेल्या होत्या. तिला काचा लावून गाडीत बसवलं, पेन तिच्या मांडीवर. नवरा जरा पुढे जाऊन फोनवर बोलत उभा. मी हातमोजे घालून मोहरीएवढी भोकं असलेल्या काटक्या शोधू लागले. पांढऱ्या ट्रेमध्ये काटकी ठेवून चाकूने उभी चिरायची. पहिल्या तीन रिकाम्या निघाल्या. चौथीत पांढऱ्या अळ्या एकीमागे एक रचलेल्या होत्या, आणि त्यांच्यामध्ये एक मोठी, लांब पोटाची मुंगी. राणी. मी श्वास रोखून तिला चिमट्याने उचललं.

तेवढ्यात गाडीचं दार वाजलं. राणीला बाटलीत टाकून वळले, तर मुलगी माझ्या मागे दोन पावलांवर उभी होती.

मी किंचाळले. नवरा धावत आला. मी तिच्यावर ओरडतच होते, "आत जा! आत जा म्हणते ना!"

ती गेली नाही. तिने पेनचं टोपण काढलं होतं आणि मूठ वळून ते धरलं होतं, इस्पितळात शिकवलं होतं तसं. ती रडत होती. "तुझ्या पाठीवर आहेत, मम्मा. खूप आहेत. मी काचेतून हाका मारल्या, तुला ऐकूच आलं नाही."

माझी ओढणी झाडाच्या फांदीला लागली होती. नवऱ्याने ती ओढून लांब फेकली, माझी पाठ झटकली, मग मुलीला उचलून गाडीत नेलं. त्या दिवशी कुणालाही डंख बसला नाही.  माझ्यासाठी ती मुंग्यांकडे चालत आली होती, आणि मी तिच्यावर ओरडले होते. ते मी तिला गाडीत सांगितलं. ती म्हणाली, "इट्स ओके. मलापण भीती वाटली."

काही महिन्यांनी प्राध्यापकांचं उत्तर आलं. मुंगी नवी नव्हती. आफ्रिकेतल्या एका माहीत असलेल्या जातीशी तिचं वर्णन जुळत होतं, फक्त कमरेच्या पुढच्या गाठीचा आकार थोडा वेगळा होता. या डोंगरांत ती किती पसरली आहे हे बघायला हवं, असं त्यांनी लिहिलं होतं. माझ्या वहीतलं वर्णन त्यांनी नमुन्यांबरोबर जपून ठेवलं. डंखाबद्दल त्यांच्याकडे नवीन काहीच नव्हतं.

यंदा शाळेची सहल डोंगरात गेली. मुलगी आता दहा वर्षांची आहे. परवानगीच्या कागदावर सही करायला मला तीन दिवस लागले. तिच्या वर्गशिक्षिकेला मी पेन कसं दाबायचं ते दोनदा करून दाखवलं. बस सुटल्यावर मी दिवसभर फोन हातात धरून बसले, जेवलेही नाही. संध्याकाळी ती गुडघ्यापर्यंत धुळीने माखून आली आणि दारातूनच ओरडली, "खायला काय आहे?"

मी पोहे करायला घेतले. कांदा चिरायच्या आधी दारातले तिचे बूट उचलून झटकले.