कमी खाणारी भाषा

गोरेगावच्या रामकिशननं नऊ वर्षांत तुरीच्या हंगामात दिवसा शेत सोडलं नव्हतं. सोडलं की आलीच वानरं! बारशी, लग्नं, मयती, सगळीकडं बायको मंजुळाबाई एकटीच जायची. हा आपला बांधावर उभा राहून "हाऽऽड!" करायचा.

पण येत्या शुक्रवारी त्याच्या लेकीला, प्रियदर्शनीला, नांदेडात इंजिनिअरिंगची पदवी मिळणार होती. "बाबा, तुमी आलंच पायजे," तिनं बजावलं आणि यंत्रच करून दिलं. कॅमेऱ्याला वानर दिसलं की भोंग्यातून बापाच्याच आवाजात "हाऽऽड!" झकास काम. फक्त बारा वाजले की बॅटरी बसायची.

"पायथॉन भाषेत लिवलंय ना," पोरगी म्हणाली. "ती एकेक ओळ दरवेळी नव्यानं समजून घेती, मंग काम करती. वीज लई खाती."

"म्हंजी तुझा वैजनाथमामाच की! दरवेळी नव्यानं सांगा अन् वर खायाला घाला!"

"आता सी भाषेत लिवते. काम तेच, खाणं कमी."

हे रामकिशनला बराबर पटलं. समोर बसून दिवसभराचं खाणं मोजल्याबिगर त्यानं आजवर एकही बैल घेतला नव्हता. पोरीनं नवं लिवून दिलं, तसा तो उजाडल्यापासून यंत्रापुढं बसला. आता धनीच समोर बसलेला, वानरं येतात कशाला? यंत्र गप्प, बॅटरी भरलेली.

"कायबी खात न्हाई!" तो गावभर सांगत सुटला.

मंजुळाबाईनं कपाळावर हात मारला. "अवो, कामच केलं न्हाई तर खाईल काहून?"

दुसऱ्या दिवशी तिनं नवऱ्याला घरात कोंडून बाहेरून कडी लावली. संध्याकाळी हिशेब लागला. यंत्र एकशेसहा वेळा ओरडलं, तुरीची शेंग शाबूत, बॅटरी अर्धी शिल्लक.

रामकिशनचं तोंड एवढंसं झालं. "मंग मी काहून हाय आता?"

"नांदेडला जायाला," मंजुळाबाई म्हणाली.

शुक्रवारी सभागृहात हजारभर माणूस गपगार बसलेलं. प्रियदर्शनीचं नाव पुकारलं, तसा रामकिशन उभाच राहिला. लेकीला काहीतरी चांगलं म्हणायचं होतं त्याला, लई मोठं. पण नऊ वर्षं तोंडात बसलेलं तेवढंच बाहेर पडलं.

"हाऽऽड!"

पदवी देणारे साहेब दोन पावलं मागं सरले. मंजुळाबाईनं पदर तोंडात कोंबला.

प्रियदर्शनीचे डोळे भरून आले. तिनं साहेबांच्या हातातून कागद घेतला, उंच धरला आणि मंचावरूनच, पोटापासून, बापाला ओरडली, "हाऽऽड!"