दादाची मुक्कामी गाडी आणि माझा टॅब

राळेगावला निघाले तेव्हा झरीच्या जंगलापर्यंत जायचं माझ्या मनातही नव्हतं. यवतमाळहून दादाला भेटायचं, दोन-चार दिवस राहायचं आणि परत यायचं, एवढाच बेत होता. शेजारच्या सीटवर माझा टॅब होता. एरवी मी त्याच्यावर पुस्तकं वाचते, विजेचं बिल भरते, प्रवासात नकाशा बघते. या खेपेला तो दादासाठी घेतला होता.

दादा माझा मोठा भाऊ. पांढरकवड्याच्या आगारात एसटीचा ड्रायव्हर होता. आता निवृत्त होऊन राळेगावला घरी असतो. उन्हाळ्यात त्याला लकवा मारला. पाय बराच सुधारला, काठी घेऊन चालतो. उजवा हात अजून साथ देत नाही आणि वाचा गेली ती गेलीच. त्याला समोरच्याचं सगळं समजतं, पण तोंडातून एकच शब्द निघतो: गाडी. पाणी हवं असलं तरी गाडी, झोप आली तरी गाडी. लिहायला दिलं तर अक्षरं जुळत नाहीत. वहिनीला वाटायचं, याला स्कूटर चालवायची आहे, म्हणून तिने किल्लीच लपवून ठेवली होती. मग तो चिडायचा आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहायचा.

यवतमाळ ते कळंब रस्ता छान आहे. कळंबला थांबून मी आलुबोंडा आणि चहा घेतला. सकाळी गेलात तर बोंडे गरम मिळतात. पुढे राळेगावपर्यंत दोन्ही बाजूंना फुटलेली कपाशी आणि त्यात ओळीने वाकलेल्या वेचणाऱ्या बाया. खिडक्या उघड्या ठेवून सावकाश चालवण्यासारखा हा रस्ता आहे.

बोलता न येणाऱ्यांसाठी चित्रांचं ॲप मिळतं. चौकोनावर बोट ठेवलं की टॅब तो शब्द बोलतो. मी ते घरूनच टाकून आणलं होतं, पण पहिल्या दिवशी फजिती झाली. त्यातल्या तयार चित्रांमध्ये सँडविच होतं, बाथटब होता आणि बोलणारी बाई बातम्या देणाऱ्या बाईसारखी होती. दादाने थोडा वेळ बघितलं आणि टॅब बाजूला सारला.

संध्याकाळपर्यंत मी सगळी चित्रं काढून टाकली आणि घरभर फिरून नवे फोटो काढले. त्याचा पितळी पेला, त्याची खाट, अंगणातली खुर्ची, वहिनी. आवाजही वहिनीचाच भरला. आधी ती लाजत होती. मग तिने घसा साफ करून म्हटलं, "मले पानी पाह्यजे." एका पानावर सहाच मोठे चौकोन ठेवले. शिवाय सेटिंगमध्ये जाऊन चुकून बोट लागलं तरी दुसरं काही उघडणार नाही असं केलं. घरात कुणासाठी असं करणार असाल तर ही शेवटची गोष्ट विसरू नका, नाहीतर माणूस दर वेळी हरवतो आणि कंटाळतो.

दादाने डाव्या हाताच्या बोटाने पेल्याचा चौकोन दाबला. टॅब वहिनीच्या आवाजात बोलला. वहिनीने पाणी आणून दिलं. पाणी पिऊन त्याने पुन्हा तोच चौकोन दाबला. तहान नव्हती त्याला, पण वहिनीने दुसरा पेलाही भरून आणला.

दुसऱ्या दिवशी मी कुठल्या रस्त्याने आले ते दाखवायला त्याच्यापुढे नकाशा उघडला. तो एकदम सरळ बसला. राळेगावावर बोट ठेवलं आणि ओढत नेलं. वडकी, मग हायवे, करंजी, पांढरकवडा, तिथून झरीकडे आणि झरीच्याही पुढे एका ठिपक्यावर. "गाडी," तो म्हणाला. मग बोटांनी चौकोनांच्या पानावर परत जायची खूण केली आणि वहिनीचा फोटो दाबला. मी म्हटलं, वहिनी हवी आहे का? त्याने नाही अशी मान हलवली आणि खुणेने पुन्हा नकाशा मागितला. तोच ठिपका, पुन्हा वहिनी.

वहिनीने गावाचं नाव वाचलं आणि लगेच ओळखलं. दादाची मुक्कामी गाडी तिथेच जायची. संध्याकाळी पोचायची, रात्री तिथेच राहायची, पहाटे परत निघायची. कोलाम आदिवासींच्या वस्तीचं गाव आहे. नोकरीत असताना तो वहिनीला अनेकदा चल म्हणाला होता. घर, शेत, म्हशी यांत तिला कधी जमलं नव्हतं.

"मले कायले नेऊन राह्यले तिथं?" तिने त्याला विचारलं. त्याने परत तिचाच फोटो दाबला.

डॉक्टरांना फोन करून विचारलं. थांबत थांबत जा, म्हणाले. सकाळी निघालो. गाडी मी चालवत होते, दादा पुढे आणि टॅब त्याच्या मांडीवर. जाणाऱ्यांसाठी सांगते, नकाशा घरूनच उतरवून घ्या. पांढरकवडा सोडल्यावर रेंज मधूनमधून जाते. गाडीत चार्ज करायची सोय ठेवा. उन्हात पडदा दिसत नाही, आम्ही त्यावर वहिनीचा दुपट्टा धरला होता. खायचं पांढरकवड्यातच घेऊन ठेवा, पुढे चहाची टपरी मिळाली तर मिळाली.

झरीकडे रस्ता अरुंद होतो. सागाची मोठमोठी पानं वाळून रस्त्यावर आलेली, मध्येच तुरीचं पिवळं शेत, मध्येच वस्ती. काही ठिकाणी डांबर संपतं, लहान गाडी असेल तर जपून. दादा टॅबवर आपला निळा ठिपका सरकताना बघत होता आणि वळण यायच्या आधी डावा हात उचलत होता. इतक्या महिन्यांनी मी त्याला कशाची तरी वाट बघताना बघितलं.

गावात वडाखाली गाडी थांबवली. तिथल्या घरातून एक म्हातारी बाई बाहेर आली आणि दादाला बघून तिथेच थबकली. ही भीमाबाई. दादा आणि कंडक्टर मुक्कामाला असले की तिच्या ओसरीवर झोपत, तिच्याकडे जेवत. दादाला काय झालं ते मी सांगितलं. ती त्याच्याजवळ गेली, त्याचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत धरून कोलामीत काहीतरी बोलली. मग वहिनीकडे वळून म्हणाली, "तुमी शांताबाई न?"

वहिनीला कळेना, हिला आपलं नाव कसं माहीत.

आम्ही ओसरीवर बसलो. भीमाबाईने काळा चहा केला आणि बोलत सुटली. तिला वहिनीचं सगळं माहीत होतं. तिची भाकर किती पातळ असते, ती म्हशीशी कशी भांडते, आजारी पडली तरी कशी सांगत नाही. घरी दादा तसा अबोलच. लकव्याच्या आधीही दिवसभरात चार वाक्यं बोलला तरी खूप. इथे मात्र रात्री जेवण झालं की तो बायकोबद्दल बोलायचा.

"एक गोष्ट तं नेहमी सांगत," भीमाबाई म्हणाली. "म्हणत, ते एकटी असली का गाणं म्हणते, मी आलो का बंद करते. म्हणून मी दाराबाहीर उभा राह्यतो, गाणं झालं का मंग जोडे काढतो."

वहिनीने दादाकडे बघितलं. तो अंगणाकडे बघत होता, पण कान लाल झाले होते. माझा हात टॅबकडे गेला, हे रेकॉर्ड करावं म्हणून. वहिनीने मान हलवून नको म्हटलं. मग हळूच भीमाबाईला विचारलं, "अजून काय म्हणत?"

मी टॅब पिशवीत घातला आणि गाव बघायला निघाले. तासाभराने परत आले तरी दोघी बोलतच होत्या आणि दादा खाटेवर शांत झोपला होता. निघताना भीमाबाईने त्याच्या चौकोनांसाठी फोटो काढू दिला, पण आधी लुगडं बदलून आली.

 परतीच्या वाटेवर वहिनी मागे बसली होती. पांढरकवड्याला चहाला थांबलो तेव्हा पुढे येऊन दादाशेजारी उभी राहिली.

मी यवतमाळला परतले, टॅब राळेगावलाच ठेवला. आता पुस्तकं फोनवर वाचते, डोळे दुखतात, चालायचंच. दादाची वाचा काही परत आलेली नाही आणि रोज चिडणं थोडं होतंच. पण आता चौकोनांची चार पानं झाली आहेत, पुढची सगळी वहिनीने स्वतः केलेली. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते की खाण्यापिण्याच्या चौकोनांआधी माणसांचे फोटो घाला.

परवा वहिनीचा फोन आला. तिने एक नवा चौकोन केला होता, "कुठं जायचं?" असा. दादाने तो दाबला आणि मग तिच्या फोटोवर बोट ठेवलं. म्हणजे तिलाच विचारत होता.

"मंग तू काय म्हटलं?" मी विचारलं.

"मी म्हटलं, आज कुठंच नाही. इथंच बसा माह्याजवळ," वहिनी म्हणाली. "तं बसले."