मुरबाडच्या गाडीचा जोर

त्या हिवाळ्यात आमच्या गॅरेजवर जो यायचा तो मुरबाडच्या शर्यतीच्या गाडीबद्दलच बोलायचा. कुणी म्हणायचं, पिस्टन मोठा टाकलाय. कुणी म्हणायचं, पेट्रोलमध्ये काहीतरी मिसळतात, धुराचा वासच वेगळा येतो. वाशिंदच्या एका कारखान्यात फिटर असलेला आमचा दोस्त तर शपथेवर सांगायचा, की इंजिन बाहेरून दीडशे सीसीचं दिसतं, पण आतून दोनशेचं आहे. मी सगळ्यांचं ऐकायचो आणि मला सगळ्यांचंच पटायचं. कारण आदल्या मोसमापर्यंत ज्या गाडीला आम्ही सरळ पट्ट्यावर हसत हसत मागे टाकत होतो, ती आता वळणातून बाहेर पडली की आमच्या तोंडावर माती उडवून निघून जात होती. एका पावसाळ्यात गाडीला एवढा जोर येत नाही. मी आयुष्यभर इंजिनं उघडत आलोय, मला तेवढं कळतं.

माझं गॅरेज शहापुरात, बाजारातून हायवेकडे जाणाऱ्या रस्त्यावर. मला सगळे मिस्तरी म्हणतात. पोटाचा धंदा म्हणजे दूधवाल्यांच्या, शिक्षकांच्या, स्टेशनला जाणाऱ्यांच्या मोटरसायकली. शर्यतीची मोटरसायकल हे त्यावरचं वेड. भात कापून झालं, की आमच्या भागात कुणीतरी शेतकरी जमीन देतो, जेसीबी लावून बांध सपाट करतात, मातीच्या उड्या घालतात, टँकरनं पाणी मारतात आणि रविवारी शर्यत. शहापूर, मुरबाड, भिवंडीकडच्या टीम येतात. टीम म्हणजे काय, तर एक गाडी, एक पिकअप आणि चार रिकामटेकडे. पण अंगात एकसारखे टी-शर्ट घातले, की आम्हाला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

आमची गाडी चालवायचा माझा मेव्हणा. बायकोचा धाकटा भाऊ. डोळखांबच्या वरच्या अंगाला त्यांचा पाडा. आईबाप दिवाळी झाली की वीटभट्टीवर निघून जायचे, आणि मग हा एकटाच मागे. दहावी झाल्यावर बायको त्याला आमच्याकडे घेऊन आली, तो आमचाच झाला. आम्हाला मूल नाही. त्यामुळे तो मेव्हणा होता, धाकटा भाऊ होता, आणि खरं सांगायचं तर त्याहून थोडा जास्तच होता. पाना धरायला त्याला मी शिकवलं. गाडी चालवायला मात्र कुणीच शिकवलं नाही. डोळखांबच्या चढावर, खडीच्या रस्त्यावर, तो ज्या सहजपणे मागचं चाक घसरवत वळायचा ते पाहूनच मी म्हटलं होतं, ह्याच्यासाठी गाडी बांधायची.

आता थोडं इंजिनाबद्दल सांगतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. इंजिनाच्या वरच्या भागाला आम्ही हेड म्हणतो. हवा आणि पेट्रोल त्यातल्याच एका वाटेनं आत जातं. कंपनीतून येते तेव्हा ती वाट खडबडीत असते. ती घासून घासून गुळगुळीत केली, वळण सोपं केलं, की त्याच इंजिनाला जास्त ताकद येते. जरा जास्त घासलं तर हेड वाया. शर्यतीचा नियम असा, की पिस्टन कंपनीच्याच मापाचा हवा. हेड घासायला मात्र मोकळीक होती. म्हणजे ज्याचा हात चांगला त्याची गाडी पुढे. आणि आमच्या तालुक्यात माझा हात चांगला होता, हे मी आता लाजत नाही सांगायला.

त्या पावसाळ्यात मी दुसरं हेड तयार केलं. पहिलं गाडीवर होतंच. पण त्यातल्या माझ्या चुका मला ठाऊक होत्या, म्हणून हे नवं. गिऱ्हाईक नसलं की शटरच्या आत बसून घासायचो. मेव्हणा समोर उकिडवा बसून बघायचा, टॉर्च धरायचा. काम संपत आलं तेव्हा वॉल्व्ह जिथं टेकतात त्या बसकणी कापून घ्यायला ते कल्याणच्या लेथवाल्याकडे न्यायचं होतं. माझ्याकडे कामं तुंबलेली. तोच म्हणाला, "मी जातो, दाजी."

संध्याकाळी रिकाम्या हातानं आला. चेहरा उतरलेला. म्हणाला, "कापताना हेड फाटला, दाजी. लेथवाला पाया पडाय लागला. मी भंगारातच टाकून आलो, तुमाला बघवला नसता."

मला खरंच बघवलं नसतं. महिनोन्‌महिने ज्याला हात लावला ती वस्तू. पण तो इतका हिरमुसला होता, की मीच त्याची समजूत काढली. म्हटलं, "जाऊ दे रे. धातूच तो. पुन्हा करू." बायकोनं त्या दिवशी त्याच्या आवडीची सुकटीची चटणी केली होती. तो नीट जेवलाही नाही. मला वाटलं, पोराला केवढं लागलंय.

मोसम सुरू झाला आणि मुरबाडची गाडी पळायला लागली.

त्या टीमचा मालक कारखान्यांना माणसं पुरवणारा ठेकेदार. पांढरे कपडे, गोड बोलणं. त्यांचा मेकॅनिक साधा माणूस, हेडला हात लावायची त्याची छाती नव्हती. म्हणून तर आम्हाला संशय. नियमानं जिंकण्यासारखं त्यांच्याजवळ काही नव्हतं, तेव्हा नियम मोडलेलाच असणार. दर शर्यतीनंतर आमच्या गॅरेजवर तीच चर्चा, आणि त्या चर्चेत सगळ्यात पुढे माझा मेव्हणा. "पेट्रोलमधीच काय तरी हाय," तो ठामपणे म्हणायचा. "मी मागं होतो ना, डोळं चुरचुरतात." मग फिटर म्हणायचा, पेट्रोल नव्हे, पिस्टन. आणि मेव्हणा त्याच्याशी भांडायचा.

शेवटी मी ठरवलं, तक्रार करायची. तक्रार केली, की शर्यत संपल्यावर आयोजक ते इंजिन सगळ्यांसमोर उघडायला लावतात. मी हे बोललो, तेव्हा मेव्हण्याचा सूर बदलला.

"कशाला, दाजी? आपला आपण बघू ना."

"अरे, तूच सांगतोस ना पेट्रोलमध्ये आहे म्हणून?"

"हाय, पण आता उघडून काय सापडनार? उगाच वाईटपणा."

घरी बायकोही तेच म्हणाली. "त्या लोकांशी कशाला वैर धरताव? मोठी मानसं हायेत ती." मी म्हटलं, मोठी असोत नाहीतर लहान, चोरी ती चोरी. ती चुलीकडे तोंड करून भाकरी थापत राहिली. दोघं एकच बोलतात ते माझ्या काळजीपोटी, असं मला तेव्हा वाटलं होतं.

मोसमातली शेवटची शर्यत मुरबाडजवळच होती. ती गाडी पहिली आली, आमची दुसरी. मी जाऊन तक्रार दिली. मांडवाखाली टेबल टाकलं, त्यावर पोतं पसरलं आणि त्यांचा मेकॅनिक इंजिन उघडायला लागला. भोवती गर्दी. आमचा फिटर माझ्या कानाशी कुजबुजत होता, "बघ तू आता, बघ." पेट्रोल बाटलीत घेऊन तपासलं, ते साधं. पिस्टन मोजला, कंपनीच्याच मापाचा. आयोजकांच्या तपासणाऱ्यानं तो मला दाखवला, मी मान हलवली. मग शेवटी त्यानं हेड उलटं करून पोत्यावर ठेवलं.

मी डावखुरा आहे. माझ्या हातानं घासलेल्या धातूवर बारीक रेघा उलट्या बाजूला कललेल्या असतात. आणि त्या वाटेच्या आत, वळणाजवळ, एकदा माझं हत्यार घसरून मसुराच्या डाळीएवढा खळगा पडला होता. मी तो घासून जवळजवळ मिटवला होता. जवळजवळ. तो तिथं होता.

मी वाकून पाहत राहिलो. ऊन डोळ्यांवर आल्यासारखं झालं. कानात लाऊडस्पीकरवरचं गाणं चालू होतं, पण त्यातला एक शब्द कळेना. आधी मला मूर्खासारखं वाटलं, की लेथवाल्यानं भंगारातून काढून ह्यांना विकलं. मग लक्षात आलं, हेड फाटलेलं नाहीच. कुठंच फाटलेलं नाही.

मान वर केली. गर्दीत मेव्हणा उभा होता, काखेत हेल्मेट धरून. तो इंजिनाकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि माझी नजर जाताच त्यानं मान खाली घातली.

"काय मिस्तरी, झाला समाधान?" तपासणाऱ्यानं विचारलं.

मी तिथंच ओरडू शकलो असतो, की हे माझं आहे. पण मग पुढचा प्रश्न आला असता, की ते इथं कसं आलं. आणि त्याचं उत्तर त्या मांडवात, एवढ्या लोकांत, मान खाली घालून उभं होतं.

"झाला," मी म्हटलं.

लाऊडस्पीकरवर सांगण्यात आलं, की शहापूरची तक्रार खोटी निघाली. लोक हसले. कुणीतरी शिटी मारली. ठेकेदार जवळ आला, त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "मनात ठेवू नका, मिस्तरी. तुमच्यासारखा हात नाय कुनाचा." त्याला सगळं माहीत होतं, आणि मला कळलंय हेही त्याला माहीत होतं.

परतताना फिटर आणि बाकीचे मागं गाडीजवळ बसले, मेव्हणा पुढं माझ्याशेजारी. किन्हवली आली. मग मी पिकअप रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं.

"का रे?"

त्यानं नजर डॅशबोर्डवर लावली. मग म्हणाला, "त्यांनी कंपनीत लावतो सांगितला, दाजी. परमनंट. मुलीकडचं लोक ईचारतात, काय करतो? गॅरेजात हाय सांगितला का उठून जातात."

"म्हणून माझं हेड दिलंस?"

"एक तर होताच ना आपल्या गाडीवर."

"आणि हा सगळा मोसम माझ्यासमोर बसून पेट्रोल पेट्रोल करत होतास?"

ह्यावर तो रडायला लागला. मला त्याचं रडणं बघवेना आणि थांबवताही येईना. मी विचारलं, "घरी कुणाला माहीत आहे?" त्यानं तोंड खिडकीकडे फिरवलं. त्यातून जे कळलं, ते मांडवात कळलेल्यापेक्षा जास्त खोल गेलं.

घरी पोचलो तेव्हा दिवस मावळत होता. बायको ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. मी तिच्यासमोर उभा राहिलो. "तुला ठाऊक होतं?"

ती खोटं बोलली नाही. "हो," म्हणाली. सूप खाली ठेवलं. "कल्यानवरून आला त्याच दिवशी मना बोल्ला. आईबापाचा जनम भट्टीवर गेला. मना वाटला, ह्याचा तरी काय तरी होईल."

"आणि माझं?"

"तुमचा हात हाय. तुमी दुसरा कराल." मग म्हणाली, "मागितला असता तर दिला असताव तुमी?"

ह्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवसापासून शोधतो आहे. कधी वाटतं, दिलं असतं; पोराच्या नोकरीपुढं हेड ते काय. कधी वाटतं, नसतं दिलं, त्या माणसाला तर नाहीच. पण खरी गोष्ट अशी, की मला कुणी विचारलंच नाही. एकाच ताटात जेवणाऱ्या दोन माणसांनी माझं उत्तर आपसांत ठरवून टाकलं आणि अख्खा हिवाळा माझ्यासमोर सहज वावरत राहिली. मी पिस्टन, पेट्रोल, दोनशेचं इंजिन असले तर्क करत होतो, आणि ती दोघं माझे तर्क ऐकत होती.

टीम तिथंच संपली. बाकीच्यांना मी कारण सांगितलं नाही. फिटरला आजही वाटतं, की पिस्टन तपासण्याआधीच बदलला होता.

मेव्हण्याला नोकरी लागली, पण ठेकेदाराच्या हाताखाली. आज परमनंट, उद्या परमनंट करत त्यानं त्याला झुलवलं, आणि पुढच्या भातकापणीच्या सुमारास माणसं कमी करताना पहिलं ह्यालाच काढलं. हे बायकोनं मला सांगितलं तेव्हा तिच्या आवाजात, तुम्ही काहीतरी करा, असं होतं. मी काही केलं नाही. तोच ठेकेदार नंतर एकदा गॅरेजवर आला, गाडी पिकअपमध्ये घालून. म्हणाला, "जोर कमी झालाय हिचा. हेड तुमचाच, तुमीच बघा." मी त्याला म्हटलं, शटर बंद करायची वेळ झाली. दुपार होती.

आता मेव्हणा टेम्पो चालवतो, कल्याणच्या मार्केटला भाजी नेतो. लग्न झालं. लग्नात मी उभा राहिलो, दाजी म्हणून जे करायचं ते सगळं केलं. भाऊबीजेला तो येतो, बायको ओवाळते. आम्ही पावसापाण्याचं बोलतो. ती माझ्याशी पूर्वीसारखीच वागते, मीही वागतो. फक्त गॅरेजात दिवसभर काय झालं ते मी तिला सांगत नाही, आणि तिनंही विचारायचं सोडलंय.

गेल्या महिन्यात त्याचा टेम्पो चढावर दम तोडायला लागला, तेव्हा तो गॅरेजवर घेऊन आला. म्हणाला, "बघता का जरा, दाजी?" मी बघितलं. फिल्टर तुंबला होता, बाकी काही नाही. काम करता करता मी समोरच्या टपरीवाल्याला हात करून एक चहा सांगितला, कुठल्याही गिऱ्हाइकाला सांगतो तसा. चहा आला. त्यानं पेला हातात घेतला, माझ्याकडे बघितलं, आणि बाकावर न बसता तो चहा त्यानं उभ्यानंच संपवला.