शेवंतीची हजामत

दादांच्या सलूनमध्ये चाळीस वर्षांत कुणाच्या कानाला कात्री लागली नाही, पण डाव्या कानामागे चार केस राहिले नाहीत असं गिऱ्हाईकही शोधून सापडायचं नाही. दादांचा डावा खांदा आखडलेला, हात तिथवर वळायचाच नाही. गिऱ्हाइकं आरशात बघून कुरकुरायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा त्याच खुर्चीत येऊन बसायची.

घरची बाग मात्र बायकोची. बाग कसली, खिडकीसमोर भिंतीलगतचा हातभर तुकडा, त्यात तिची पिवळी शेवंती. फुलं सरली की ती झाड बुंध्याशी छाटायची आणि खालून फुटलेले मुनवे सुटे करून नव्या मातीत लावायची. दादांना तिथे फक्त बादली उचलण्याचा मान होता.

यंदा मुनव्यांपैकी एकच जगला, आणि तो रुजतोय तोवर ती पायरीवरून घसरली. खुब्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी काठी धरून चालायला सांगितलं, पण तिनं धसकाच घेतला होता. पाय टेकवायचं नाव काढलं की डोळ्यांत पाणी.

"शेवंती फुलली की उठेन," ती म्हणाली. "शेंडे दोनदा खुडायचे. मग कात्री खाली ठेवायची. कळलं?"

"कळलं गं. केस कापतो मी, गवत नाही."

दादांनी मन लावून केलं. शेणखत घातलं, पानं न भिजवता मुळाशी पाणी दिलं, शेंडे दोनदा खुडले. झुडूप असं फोफावलं की दादा सलूनमध्ये येईल त्याला त्याचं कौतुक ऐकवू लागले. पण सुट्टीच्या दिवशी ते समोर उभे राहायचे आणि इकडे एक फांदी वर, तिकडे एक बाहेर, असलं काही त्यांना बघवायचं नाही. हात शिवशिवायचे. जरासंच, म्हणून कात्री चालायची.

"एवढं गोल कसं दिसतंय हो?" तिनं खिडकीतून विचारलं.

"अंगानं भरलंय."

मग एका सकाळी कापलेला पाला झाडून गोळा करताना त्यांना त्यात मुगाएवढ्या हिरव्या गाठी दिसल्या. कळ्या! आता ही कशाची उठतेय, या विचारानं त्यांना रडूच आलं. थापा मारायचंही बळ उरलं नाही. त्यांनी आत जाऊन सगळं सांगून टाकलं.

तिचा चेहरा लालबुंद झाला.

"झाडाची हजामत केलीत? द्या ती काठी इकडे! बघू दे मला काय दिवे लावलेत ते."

ती उठली. एकेक पाऊल टाकत, एकेक शिवी हासडत दारापर्यंत, दारातून पायरीपर्यंत. दादा दोन्ही हात पसरून मागे.

झाडाशी पोचून ती भिंतीकडून वाकली आणि एकदम थांबली. मागच्या बाजूला, डाव्या अंगाला, एक फांदी जशीच्या तशी राहिली होती. तिच्यावर तीन पिवळी फुलं आणि बऱ्याच कळ्या.

"अहो," ती हसू आवरत म्हणाली, "डाव्या कानामागे राहिलंय!"

दादांना हसावं की रडावं कळेना. "खुर्ची आणू का तुला?"

"नको," ती म्हणाली. "उभी राहूनच बघते."