अनुभवाचा रकाना

एम.एस्सी.च्या प्रवेशाचा अर्ज पाठवला आणि रक्त तपासणाऱ्या लॅबमधल्या बाईंची झोप उडाली. दुसऱ्याच्या रक्तातला जंतू हुडकणाऱ्या या बाई, पण स्वतःच्या चुका त्यांना अर्ज गेल्यावरच दिसू लागल्या. आधी पत्त्यातला एक आकडा चुकलेला निघाला, मग फोटो तिरका. पाठवलेला अर्ज नुसता वाचायचा, बदलायची सोय नाही.

आज दुपारी मायक्रोस्कोपशेजारी बसून त्यांनी तो पुन्हा उघडला. ‘संशोधनाचा अनुभव’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, ‘आढळला नाही’. चौदा वर्षं रिपोर्टात जंतूंबद्दल रोज हेच लिहून हाताला वळणच पडलं होतं, मेलं!

ताईला फोन केला, तर ती आधी पोट धरून हसली. मग म्हणाली, “अगं, रडतेस काय? कॉलेजात फोन कर, चुकून लिहिलं म्हणावं.”

बाईंनी धीर करून फोन लावला. तिथला कारकून भला निघाला. “सांगा, दुरुस्त करतो. त्या रकान्यात काय लिहू?”

बाईंनी चौदा वर्षं आठवून पाहिली.

“राहू द्या,” त्या म्हणाल्या. “बरोबरच आहे ते.”