प्रेंटिसचा रविवार

"पण तुला प्रेंटिसच का हवा?"

त्या हिवाळ्यात हा प्रश्न अर्लीस व्हॅन रोकलला इतक्या जणांनी विचारला, की शेवटी शेवटी नुसतं 'पण तुला' ऐकलं तरी तिचं डोकं फिरायचं. मुलीने डेन्व्हरहून फोनवर विचारलं. दातांच्या डॉक्टरने तिच्या तोंडात दोन्ही हात घालून विचारलं, म्हणजे उत्तराची सोयच नाही. मतदारांची पाहणी करणाऱ्या एका माणसाने फोनवर पाच कारणं वाचून दाखवली, शेती, आजारपण, नोकऱ्या, युद्ध आणि चारित्र्य, आणि यातलं एक निवडा म्हणाला. यातलं नाही, असं अर्लीसने सांगितलं. मग 'माहीत नाही' असं लिहू का, म्हणाला. अडुसष्ट वर्षं आयोवात काढलेली, दर चार वर्षांनी पुढारी दारात आले की त्यांच्यासाठी पायपुसणं झटकणारी बाई, आणि तिला माहीत नाही! तिने फोन ठेवून दिला आणि मग, उद्धटपणा झाला म्हणून, देवाची क्षमाही मागितली.

कारण तिला पक्कं ठाऊक होतं. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या फोनखाली तिची रोजची वही असायची, तिच्यात ते लिहिलेलं होतं.

वहीत ती हवा लिहायची, कोण आजारी आहे ते लिहायची, कोणासाठी प्रार्थना करायची ते लिहायची. सप्टेंबरपासून तिच्यात फोनही लिहावे लागले, कारण ते फोन मोजल्याशिवाय कोणाला खरे वाटले नसते. अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाने कोणाला उभं करायचं याची पहिली निवड आयोवात, त्यामुळे चार-पाच उमेदवारांची माणसं दिवसाला आठ-दहा वेळा फोन करत. आठवड्याच्या दिवसांचं तिला फारसं काही नव्हतं. पण रविवारी?

वेस्टरवील गावात रविवारी कोणी गवतसुद्धा कापत नाही. आठ वाजता मांस आणि बटाटे ओव्हनमध्ये ठेवायचे, साडेनऊला चर्च, बाराला जेवण, मग नवऱ्याची झोप, संध्याकाळी पुन्हा चर्च. बरोबर बाराला तिचा नवरा मार्लिन डोळे मिटून जेवणाआधीची प्रार्थना म्हणायला लागला की फोन किंचाळायचा. सिनेटर डेलाफील्ड यांच्या वतीने बोलतोय. मार्लिन डोळे मिटूनच थांबायचा, आणि तिकडे बटाटे गार. बरं, फोनची तार काढून ठेवावी तर मार्लिनची चौऱ्याण्णव वर्षांची आई वृद्धाश्रमात. तिथून कधी फोन येईल सांगता येत नाही. उचलावा तर लागणारच.

एकोणीस रविवार झाले. वहीत रविवारच्या फोनांच्या, डेलाफील्डच्या नावापुढे एकतीस खुणा होत्या, लॅमकिन या दुसऱ्या उमेदवाराच्या नावापुढे बावीस. गव्हर्नर प्रेंटिसच्या नावापुढे एकही नाही. सोमवार ते शनिवार त्याचीही माणसं डोकं खायची, पण रविवारी एकदाही नाही. यातून अर्लीसने जे समजायचं ते समजून घेतलं. देवाचा दिवस पाळणारा माणूस आहे. असा माणूस बाकी धोरणात चार ठिकाणी चुकला तरी चालेल.

आणि हे तिने गावभर सांगितलं. गोधड्या शिवायला जमणाऱ्या बायकांना सांगितलं, किराण्याच्या दुकानात सांगितलं, गुरांचा निवृत्त डॉक्टर वेस डायखाउस आणि त्याची बायको जून यांना चर्चच्या पायऱ्यांवर थांबवून सांगितलं. मागच्या गल्लीतली लुपे आरियागा टर्की पक्ष्यांच्या मांसाच्या कारखान्यात काम करायची. तिलाही कुंपणावरून सांगितलं. तिघं तिच्याबरोबर यायला तयार झाली. अर्लीसला त्याचा थोडा अभिमानच वाटला होता, आणि अभिमान वाटल्याबद्दलही तिने क्षमा मागितली होती.

कॉकसचा, म्हणजे पक्षाचा उमेदवार निवडायच्या गावसभेचा दिवस आला, जानेवारीतला सोमवार. बाहेर नाकातला श्वास गोठेल अशी थंडी. वेस्टरवीलमध्ये दोन्ही पक्षांची सभा एकाच शाळेत असते. रिपब्लिकन पक्षाला खेळाचा हॉल, कारण ते चारशे असतात. डेमोक्रॅट पक्षाला बालवाडीचा वर्ग. त्या रात्री तिथे चौदा माणसं गुडघे हनुवटीला लावून बालवाडीच्या खुर्च्यांवर बसली होती. अर्लीसचे वडील डेमोक्रॅट होते म्हणून तीही होती. या गावात त्याबद्दल आयुष्यभर जे ऐकून घ्यावं लागतं, ते तिने ऐकून घेतलं होतं.

मतपेटी नाही, चिठ्ठी नाही. उठायचं आणि सगळ्यांदेखत आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. चौदा माणसांत निदान चार जणांचा गट झाला तरच तो धरतात. तीन असतील तर गट मोडतो आणि त्यांनी दुसरीकडे जायचं. पहिल्या मोजणीत डेलाफील्डच्या कोपऱ्यात सात, लॅमकिनच्या कोपऱ्यात तीन आणि प्रेंटिसच्या कोपऱ्यात, रंगीत खडूंच्या कपाटाशी, चार: वेस, जून, लुपे आणि अर्लीस. बरोबर चार. एक जरी हलला तरी प्रेंटिस वेस्टरवीलमधून पुसला जाणार होता. अध्यक्षांनी पंधरा मिनिटं दिली. आता ज्याला ज्याचं मन वळवायचं असेल त्याने वळवावं.

अर्लीसने बदामाच्या वड्यांचा दुसरा ट्रे बाहेर कोटांखाली ठेवला होता. तो आणायला ती बाहेर गेली, तर खेळाच्या हॉलमधून कॉर्नी येत होता. कॉर्नी म्हणजे तिच्या वारलेल्या बहिणीचा नवरा, चर्चमधला वडीलधारी, हार्डवेअरच्या दुकानाचा मालक आणि जन्मापासून रिपब्लिकन. त्याने न विचारता ट्रेवरचा कागद उचलला आणि एक वडी घेतली.

"किती आहात ग आत? एका टेबलाभोवती बसण्यापुरते तरी जमलात का?"

"चौदा. आणि आमचा प्रेंटिस टिकतोय," अर्लीस म्हणाली. "रविवार पाळणाऱ्याचं देव बघतो."

कॉर्नी चावायचा थांबला. मग हसायला लागला. त्याचं हसणं नेहमीच असं, आवाज नाही, नुसते खांदे हलायचे. बायको होती तेव्हा तीही यावर वैतागायची.

"अगं, रविवार तो कुठला पाळतोय. रविवार मी पाळतो," तो म्हणाला. "प्रेंटिसच्या माणसांचं ऑफिस माझ्या दुकानाच्या वर आहे ना. शनिवारी सहाला मी खोल्या गरम ठेवणारा बॉयलर बंद करतो आणि खाली जिन्याला कुलूप लावतो. फोन सगळे आत. रविवारी ते कशावरून फोन करणार?"

अर्लीस ट्रे धरून उभी राहिली.

"पलीकडच्या जिल्ह्यात माझ्या पुतण्याला विचार," कॉर्नी म्हणाला. "रविवारी दोन-दोन वेळा येतो तुझ्या गव्हर्नरचा फोन. एकदा तर सकाळी चर्चच्या वेळेला."

"पाच महिने मी गावभर सांगत फिरतेय. तुला सांगता आलं नाही?"

"तू विचारलंस कुठे? तू सांगतच होतीस."

तो आणखी काहीतरी सांगू लागला होता. खिशातून पेपरमिंटची पुडीही काढली होती, प्रवचन लांबलं की काढतो तशी. पण अर्लीस वळली आणि आत गेली. एक शब्द अजून ऐकला असता तर ट्रे त्याच्या डोक्यात बसला असता.

आत येईपर्यंत तिला कॉर्नीचा जितका राग आला होता त्याहून जास्त स्वतःचा आला. कारण प्रेंटिसला प्रत्यक्ष विचारायची संधी तिला मिळाली होती. ऑक्टोबरमध्ये चर्चच्या न्याहरीला तो आला होता, हातभर अंतरावर बसला होता. ती हातात किटली घेऊन, मनात वाक्य जुळवून गेली होती, की गव्हर्नरसाहेब, रविवार तुम्ही कसा घालवता? आणि तोंडातून निघालं, "अजून कॉफी?" त्याने कप पुढे केला. तिला त्या वेळी वाटलं होतं की आपण लाजलो. आता उमगलं, की उत्तर नको होतं म्हणून विचारलं नाही.

कोपऱ्यात तिघं वाट बघत उभी होती, आणि डेलाफील्डची मुख्य कार्यकर्ती डोलोरेस हूक्स्ट्रा तिथे येऊन पोचलीच होती. डोलोरेस चर्चमध्ये ऑर्गन वाजवते. तीस वर्षं दोघी एका बाकाच्या अंतरावर बसल्या आहेत आणि तीस वर्षं डोलोरेस शेवटचं भजन जरा जास्तच जलद वाजवते.

"अर्लीस, तुझा चेहरा असा का झालाय?" डोलोरेसने विचारलं.

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. दहा मिनिटं राहिली होती. पण या तिघांना तिने आपल्या तोंडाने, खात्रीने, जे नाही ते सांगितलं होतं, आणि खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा ती लहानपणापासून घोकत आली होती. हे कळल्यावर गप्प राहणं तिला जमणार नव्हतं. आणि सांगितलं तर गट मोडणार, तोही डोलोरेससमोर. तिने ट्रे कपाटावर ठेवला आणि कॉर्नीचं कुलूप, बॉयलर, पुतण्या, सगळं सांगून टाकलं.

वेसने वडी उचलली. "मला वाटलं तुला माहीत असेल," तो म्हणाला. "कॉर्नीचं कुलूप सगळ्या गावाला माहीत आहे."

"मग तू इथे का उभा आहेस?"

"डेलाफील्डच्या माणसाने माझ्या दारात गाडी लावली. दोन तास. मला निघताच येईना."

जून म्हणाली, वेस इथे आहे म्हणून मी इथे, नाहीतर घरी जायला दुसऱ्या गाडीत बसावं लागेल.

अर्लीसने कपाटाला हात टेकला. पाच महिने. एकोणीस रविवार. वहीतल्या एकेक खुणा. आणि तिच्या कारणासाठी एकही माणूस आला नव्हता.

"मी रविवारी घरी नसतेच," लुपे हळूच म्हणाली. ती आतापर्यंत बोललीच नव्हती. "रविवारी माझी पाळी असते कारखान्यात. तो प्रेंटिस पहाटे पाचला फाटकाशी उभा होता, बर्फात. फोटोवाले नव्हते कोणी. मला म्हणाला, सुट्टी कधी असते तुम्हाला? मी म्हटलं, मंगळवारी. बस. एवढंच बोलला."

लुपे तीन वर्षं मागच्या गल्लीत राहत होती. अर्लीसने तिला कुंपणावरून भोपळे दिले होते, चर्चला यायचं आमंत्रण दिलं होतं. ती कधी आली नाही म्हणून तिचं नाव वहीत प्रार्थनेच्या यादीतही होतं. रविवारी ती कुठे असते हे विचारायचं मात्र राहून गेलं होतं. त्याच कारखान्याची टर्की अर्लीस दर महिन्याला ओव्हनमध्ये घालत होती.

"मग झालं तर," डोलोरेस म्हणाली. तिने अर्लीसच्या दंडाला हात लावला. "तुझं कारण तर गेलं. चल इकडे. आमचा माणूस निदान उघडउघड तरी फोन करतो."

खरं म्हणजे ती बरोबर बोलत होती, आणि त्यानेच अर्लीसचा उरलासुरला संयम गेला. डोलोरेसच्या माणसांनी रविवारी तिच्या घरात एकतीस वेळा घंटा वाजवली होती, आणि आता तिलाच प्रामाणिकपणाचं बक्षीस हवं होतं. अर्लीसला वाटलं खाली बसावं, पण खुर्च्या वीतभर उंचीच्या. बसलं असतं तर कोणीतरी उठवावं लागलं असतं.

अध्यक्षांनी घंटी वाजवली. लॅमकिनचे तिघे मुकाट डेलाफील्डकडे गेले. अध्यक्ष वही घेऊन खडूंच्या कपाटाशी आले.

"अर्लीस, शेवटचं विचारते," डोलोरेस म्हणाली. "आता तरी सांग, प्रेंटिस का?"

"का ते विचारू नकोस," अर्लीस म्हणाली आणि अध्यक्षांकडे वळली. "मी इथे उभी आहे. मोजा आणि पुढे जा."

चार. गट टिकला. गावातून जिल्ह्याला जाणारे दोन प्रतिनिधी होते, आणि टिकलेल्या प्रत्येक गटाला निदान एक मिळतो, म्हणून एक डेलाफील्डला आणि एक प्रेंटिसला. अध्यक्षांनी ते फळ्यावर अक्षरमालेच्या चित्रांखाली लिहिलं. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे गुडघे धरत उठले आणि उरलेल्या वड्यांकडे वळले.

कोटांपाशी कॉर्नी थांबला होता. अर्लीस त्याच्याकडे न बघता हातमोजे घालायला लागली, आणि डाव्या हातात उजवा मोजा गेला.

"तू निघून गेलीस, नाहीतर सांगतच होतो," तो म्हणाला. "ती खोली मी आधी डेलाफील्डच्या माणसांना दाखवली होती. रविवारी कुलूप म्हटल्यावर त्यांनी तोंड वाकडं केलं आणि जुन्या बँकेत जागा घेतली. तुझ्या प्रेंटिसचा माणूस आला. त्याने कुलूप बघितलं आणि म्हणाला, तुमचं गाव, तुमची रीत, चालेल आम्हाला."

अर्लीसने मोजा काढला आणि नीट घातला.

"हे अर्ध्या तासापूर्वी सांगितलं असतंस तर?"

"तर काय? तू तिथेच उभी राहिलीस ना?"

तिने रिकामा ट्रे त्याच्या हातात दिला आणि गाडीपर्यंत त्याच्याकडूनच वाहून घेतला, निसरड्या बर्फावरून. त्याने पेपरमिंट दिली ती घेतली, पण आभार मानले नाहीत.

घरी मार्लिन जागा होता. झालं का तुमचं, एवढंच त्याने विचारलं. झालं, ती म्हणाली. कॉर्नीबद्दल तिला दहा मिनिटं बोलायचं होतं आणि ती बोलली. कुलूप ऐकून मार्लिन म्हणाला की ते तर त्यालाही माहीत होतं. त्यावर अर्लीसने दिवा घालवायचा सोडून स्वयंपाकघर गाठलं.

वही उघडली. हवा: शून्याखाली एकोणीस, वारा. आई: ठीक, जेवल्या. प्रेंटिस: चार, टिकला. कॉर्नीला क्षमा करायला बळ मिळावं, हेही लिहिलं. मग प्रार्थनेच्या यादीतलं लुपेचं नाव खोडलं आणि दुसऱ्या दिवसाच्या कोऱ्या पानावर लिहिलं: लुपेची सुट्टी. दहा वाजता कॉफीला बोलवायचं. तिने काही सांगितलं तर ऐकायचं, आपण बोलायचं नाही.

शेवटच्या तीन शब्दांखाली तिने रेघ मारली, कारण ते जमेल अशी तिची स्वतःची खात्री नव्हती.